चार कोवळे घड

"नाना, चला. पाचला खात्याचे मोठे साहेब येणार. तोवर चोर सापडला नाही तर माझ्या नवऱ्याला पोलिसांत देतील."

ताजबी दारात उभी होती. पितांबरनानांनी दुखरे गुडघे चोळले आणि चपला शोधल्या. सत्त्याऐंशी सालच्या जळगावात खाजगी तपासावर पोट भरू पाहणारा माणूस मुळात वेडाच, त्यात साठी उलटलेली. त्यांचा मदतनीस छगन जांभई देत मागे निघाला.

पहूरकडच्या तलावात बेटावर एका गोऱ्या साहेबाचा जुना उन्हाळी बंगला होता. तिथली पितळी दुर्बीण बघायला लोक यायचे. सोमवारी बंगला आणि काठावरची बाग बंद. नेमकी काल, सोमवारी, दुर्बीण गेली. नाव एकच, काठाला कुलपात. किल्ली तीस वर्षं ताजबीच्या नवऱ्याकडे, नूर महंमदकडे.

"मग तोच," छगन म्हणाला.

तलावाशी पोचल्यावर नाना काठ न्याहाळू लागले. दोरीने बांधलेले चार केळीचे खांब पाण्यात तरंगत होते. शेजारी चिखलात चार कोवळे घड पडले होते.

बागेतली केळी सांभाळणारा जीवराम तिथेच बसला होता. त्याचे जुने कपडे चिकाने काळे झालेले.

"बठ्ठा घड वाया गयात, नाना. तठे घड उतारेल झाडं शेतस ना!" त्याने पलीकडे घड काढून झालेल्या झाडांकडे बोट दाखवलं.

बंगल्याचा कारकून लीलाधर धुळे शहरातला, देवपूरचा. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरी ठिपके होते.

"काल दिवसभर मी खोलीवरच होतो. चहा सांडला. दोनदा धुतला, डाग उलट गडदच झाला."

पाच वाजता साहेब आले आणि नूर महंमदने सगळ्यांना नावेतून बेटावर नेलं. नाना बंगल्याच्या पायरीवर टेकले.

"चोर तराफ्यावरून आला. किल्ली असलेल्या नूर महंमदला तराफा कशाला? जीवरामने घड उतरवलेल्या झाडांचे खांब घेतले असते. कोवळ्या घडावर त्याचा हात चालणार नाही. हे काम शहरी माणसाचं. केळीचा चीक ओला असताना दिसत नाही. वाळला की तपकिरी होतो, धुतला की आणखी चढतो. म्हणून इथले लोक केळीत जुनेच कपडे घालून जातात. लीलाधरराव, चहाचा डाग धुतल्यावर फिका होतो."

लीलाधरने मान खाली घातली. "धुळ्याला बदली हवी होती. तिथल्या वरच्या साहेबांना दुर्बीण भेट द्यायची होती." दुर्बीण काठावर आपल्या खोलीवरच्या वळकटीत असल्याचं त्याने कबूल केलं.

नूर महंमदने सगळ्यांना परत काठावर आणलं, नावेला कुलूप घातलं आणि किल्ली साहेबांच्या हातात ठेवली.

"अरे, ठेव तुझ्याकडेच," साहेब म्हणाले.

"तीस वर्षं ठेवली, साहेब. तरी पहिलं नाव माझंच आलं. आता दुसरा माणूस बघा."

तो ताजबीला घेऊन निघून गेला. नानांना फार वाईट वाटलं. चोर त्यांनी शोधला होता, पण ताजबीच्या घरची ती किल्ली काही परत मिळवून देता आली नव्हती.