बंद फर्म, चालू नोंदणी

"भागीदारी मोडून चार वर्षं झाली, दुकानाला टाळं आहे, आणि कर कार्यालय म्हणतं फर्म चालू आहे!" फोटोफ्रेमवाला खुर्चीत टेकायच्या आत सुरू झाला. "आमच्या नावावर माझा थोरला भाऊ, तेव्हाचा भागीदार, दादाच काहीतरी भानगड करतोय. उद्या सकाळी पोलिसांत जाणार!"

टाचणीबाईंच्या नवऱ्याला ते तिथल्या तिथे पटलं. बायको गुन्हे शोधायची. तो चहा करायचा आणि भलत्याच माणसावर संशय घ्यायचा. दोन्ही अगदी मनापासून.

"फर्मच्या नावाने भरलेली कराची विवरणपत्रं किती रकमेची?" टाचणीबाईंनी विचारलं.

"सगळी शून्याची. तीही वेळेवर."

"तुम्हाला कधी निरोप आला नाही?"

"निरोप जातात माझ्या जुन्या नंबरवर. तो फोन बायकोकडे. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्यात आठवडाभर खोकून खोकून बेजार झालीय बिचारी."

दुपारी टाचणीबाई नवऱ्यासह दादांच्या घरी गेल्या. दादांनी दारातच हात झटकले. "चार वर्षांत आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. त्याच्या घरचं मला काय ठाऊक?" मग हळूच म्हणाले, "त्याच्या बायकोचा खोकला कमी झाला का हो?"

'किती प्रेमळ माणूस!' नवऱ्याला वाटलं. संशय आता कुणावर घ्यावा, हेच त्याला कळेना.

संध्याकाळी फ्रेमवाल्याच्या घरी त्याच्या बायकोने "मला नाही बाई त्यातलं कळत" म्हणत मान खाली घातली.

"चोर शून्य कशाला भरेल?" टाचणीबाई म्हणाल्या. "तो खोटी बिलं फाडेल. शून्य भरतो तो नोंदणी जिवंत ठेवायला. भरताना लागणारा कोड येतो या घरातल्या फोनवर. आणि न बोलणाऱ्या दादांना यांचा खोकला कळला कसा? फोनवर कोड सांगताना ऐकला म्हणून!"

बायकोला रडू फुटलं. "हो, मीच सांगायचे. भावोजी म्हणाले, नोंदणी रद्द झाली तर सगळंच संपेल. आज ना उद्या त्याचा राग जाईल, तोवर त्याला दंडही बसायला नको."

फ्रेमवाल्याने खिशातून फोन काढला. "आणि मी त्याच्यावर पोलीस घालायला निघालो होतो!" त्याने फोन लावला. नंबर तोंडपाठ होता.

"दादा, फार उपकार केलेस रे माझ्यावर. उद्या सकाळी दुकान उघडू या?"

टाचणीबाईंचा नवरा खुशाल डोळे पुसत होता.

"ये लवकर," दादा म्हणाले. "शून्य भरून भरून कंटाळलो होतो मी."