पाणी पिऊन निघायचं

बाबा गेल्यापासून आई हसत नव्हती. रडतही नव्हती. सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात ती एकटी राहायची आणि रोज संध्याकाळी मला पुण्याला फोन करून एकच विचारायची, “जेवलीस का?” मी एका औषध कंपनीत गोळ्या तपासते. कारणाशिवाय काही घडतं यावर माझा विश्वास नाही. आई हसत नाही याचं कारण हे घर, असं मी ठरवून टाकलं आणि बँकॉकची दोन तिकिटं काढली. एकदा तिला हसताना बघायचं होतं, बास.

निघताना तिनं माझ्या हातावर दही दिलं, मग स्वतःच्या तळहातावर घेतलं. खाली गाडी थांबलेली. जिन्यावर दोन पायऱ्या उतरून ती थबकली.

“शेंगा चटणी ऱ्हायली की ग.”

“आई, तिथं सगळं मिळतं.”

“आलेच.”

माघारी फिरलं तर घरात टेकून, पाणी पिऊन मगच निघायचं, हा आईचा नियम. तो तिनं कधी मोडला नव्हता. आता गेली पाच-दहा मिनिटं, म्हणून मी चडफडत उभी होते. पण ती लगेच बाहेर आली. हात रिकामे. “चल,” म्हणाली. आत न डोकावता मी दार ओढलं, कुलूप घातलं. सुधारली म्हातारी, असं वाटून मला हसू आलं.

बँकॉकमध्ये आई खरंच हसली. नदीतल्या बोटीत अंगावर पाणी उडालं की हसायची, चायनाटाउनमधल्या लाल-पिवळ्या दिव्यांच्या पाट्या बघून हसायची. बाहेरचा चहासुद्धा न पिणारी बाई रस्त्याकडेच्या बाकड्यावर बसून समोर येईल ते खात होती. मागांच्या आवाजाशिवाय डोळा लागत नाही म्हणणारी पडल्या पडल्या झोपत होती. घराचं नाव नाही. एका संध्याकाळी मी मुद्दाम काहीच खाल्लं नाही. तिनं विचारलं नाही.

त्या झगमगाटात तिचा हात धरून चालताना मला फार एकटं वाटलं. तुला सुख दुखतंय, ऋतुजा, असं मी स्वतःला सुनावलं.

मग समोरच्या माजिदाचाचींचा फोन आला. “बेटा, तुमच्या सैपाकघरात लाइट चालू हाय की.”

“बंद करायचा राहिला असेल, चाची.”

“काल नव्हता पण.”

वायरिंग जुनं आहे, मी म्हणाले. आणि ते खरंच जुनं आहे.

परतायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बोटीच्या धक्क्यावर उभ्या होतो. माझा मोबाइल वाजला. त्यावर नाव होतं ‘आई’. तिचा फोन ती घरीच विसरली होती. ती माझ्या शेजारी नारळपाणी पीत होती. मी उचलेपर्यंत तो बंद झाला.

“कुणाचा ग?”

“कंपनीतून.” खोटं का बोलले, मला सांगता येणार नाही.

दुपारच्या उन्हात सोलापुरात पोचलो. आई खाली बॅगा काढून घेत ड्रायव्हरशी गप्पा मारत होती. मी किल्ली घेऊन वर गेले. कुलूप मी घातलं होतं तसंच होतं.

दार उघडलं. बंद घराचा कुबट वास येईल असं वाटलं होतं. पण नुकत्याच कुटलेल्या शेंगदाण्यांचा आणि लसणाचा वास येत होता.

स्वयंपाकघरात आई पाटावर बसली होती.

निघायच्या दिवशीची हिरवी साडी. मांडीवर चटणीची पुडी. डाव्या हातात पाण्याचं फुलपात्र. उजव्या तळहातावर दही, ताजं, अजून पाणी न सुटलेलं.

“झालंच ग,” ती म्हणाली. “पाणी पिते आन् निघू. गाडीवाल्याला थांबव की जरा.”

मी उंबऱ्यातच थांबले.

तिनं मला नीट न्याहाळलं. “लई वाळलीस. जेवलीस का?”

मला हुंदका आला. मी तिच्याकडं एक पाऊल टाकलं.

जिन्यावर पावलं वाजली. ड्रायव्हरच्या कुठल्याशा बोलण्यावर कुणीतरी मोठ्यानं हसलं. किती दिवस वाट बघितली होती मी त्या हसण्याची.

“ऋतू, कुणाशी बोलायलीस ग वर?”

पाटावरच्या आईनं मान वर केली. मी काय सांगते ते ऐकत राहिली.

“कुणाशी नाही,” मी म्हणाले.

आईनं फुलपात्र हळूच खाली ठेवलं. त्यातलं पाणी तसंच होतं.