राजाबाईंच्या शाळेची पायरी

वडगावातल्या विणकर गल्लीत राजाबाई कन्याशाळेची इमारत आहे. राजाबाईंनी स्वतःच्या घरातले माग हलवले आणि त्या जागी मुलींना पाट्या दिल्या, म्हणून ते नाव. पुढं मुली कमी झाल्या, शाळा बंद पडली. मग तिथं रेशनचं धान्य आलं, नंतर सुताचं गोदाम झालं. आता मंगल कार्यालय व्हायचं होतं, आणि नावही बदलायचं होतं.

त्या दिवशी सकाळी दहालाच गुणाबाई पायरीवर जाऊन बसली. ती त्याच शाळेत शिकली होती आणि तिथंच तीस वर्षं शिपाई होती.

ठेकेदार तम्मण्णा चार गडी घेऊन आला. "आक्का, ऊठ की. नुसती नावाची पाटी काढायची हाय."

"कार्यालय कर, न्हायतर काय बी कर. बाईंचं नाव ऱ्हाणार."

"आन् न्हाय ठेवलं तर?"

"तर माझ्या अंगावरनं जा."

तम्मण्णानं गड्यांना मागच्या दारानं आत पाठवलं. लगेच चौघं परत आले, ते अनवाणी. चपला त्यांनी आतल्या दाराशी ओळीनं काढून ठेवल्या होत्या. का, ते त्यांनाच सांगता येईना.

"आत लई गप हाय, मालक," एक जण म्हणाला. "शेजारचा माग बी ऐकू येत न्हाय."

तम्मण्णा चिडला. स्वतःच शिडी उचलून पायरीपाशी आला आणि थबकला. त्याची नजर गुणाबाईच्या डावीकडं गेली, उजवीकडं गेली, मग मागं दारात सरकली. ओठ हलत होते. तो मोजत होता.

त्यानं काम देणाऱ्या साहेबाला फोन लावला. "साहेब, पोरी बसल्यात वाटंत... चाळीस तरी असतील... न्हाय हो, एकटी कशी?"

गुणाबाईनं बाजूला बघितलं. पायरी रिकामी होती. तिच्यावर स्वच्छ ऊन पडलं होतं. ओल्या पाटी-पेन्सिलीचा वास येत होता.

 ती जागची हलली नाही.

"व्हय," ती मोठ्यानं म्हणाली. "बसलोय आम्ही. सांग तुझ्या साहेबाला."

तम्मण्णा शिडी तिथंच टाकून गेला. गडी त्याच्याआधीच गेले होते.

गल्ली रिकामी झाल्यावर ती उठायला लागली. पदर मागं कशात तरी अडकला होता. तिनं तो हळूच ओढला.

मागून कुणीतरी तितक्याच हळू ओढला.