सहावी खुर्ची

लग्नाला दीड महिना झालाय, त्यामुळे तरसालीच्या आमच्या गच्चीवर हात असलेली खुर्ची अजून मलाच मिळते, बाकीचे चटईवर. परवा जेवणं झाल्यावर बापूमामा, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, अनीशचे मामा, सुपारी कातरत म्हणाले, "रमाकांतचं सांगतो. रेल्वेत माझ्याबरोबर होता. थाप नाही."

"मागचीपण थाप नव्हती ने, मामा," माझी नणंद मनाली म्हणाली.

"तू गुपचूप ऐक. रमाकांतकडे आजोबांच्या वेळच्या सहा सागवानी खुर्च्या. एकीला त्याच्या वडिलांनी हात बसवून घेतले. पुढे आईला, सुनंदाबाईंना, अर्धांगवायू झाला, तेव्हा याने त्याच खुर्चीचा वेत मधोमध कापून खाली भांडं ठेवलं. पडू नये म्हणून हातांना स्क्रूने पट्टे लावले. नवरात्रात नवराबायको गरब्याला निघाले. आई म्हणाली, 'बांधू नको रे.' हा म्हणाला, 'पाचच मिनिटं हं, आलोच.'

"आले पहाटे. बाई गेलेल्या. चालत्या हाताचं मनगट सोललेलं."

अडकित्ता थांबला.

"गेल्या मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. शुक्रवारी सकाळी याच्या मुलीला, मोहनाला बघायला पाहुणे येणार, आणि बैठकीत खुर्च्या पाच! म्हणून संध्याकाळी करजणच्या सुताराकडून सहावी घेऊन आला. नवा वेत विणलेला, स्क्रूंची चार भोकं लाकडी गुट्ट्या ठोकून बुजवलेली, वर पॉलिश. शोधून सापडू नयेत. हॉल झाडूनपुसून बंद केला. सगळे झोपल्यावर हा एकटा आत गेला. वेत कितपत ताणलाय, बघावं म्हणून बसला.

"उठता येईना.

"आधी हसला. मग जोर लावला. हात उचलेनात. हाक मारायला गेला... जीभ वळेना.

"मागे कुणीतरी उभं. नुसता श्वास...

"मग कानाशी. अगदी मायेने.

"'पाचच मिनिटं हं. आलेच.'"

माझे हात मी केव्हाच मांडीत घेतले होते.

"सकाळी?" अनीशने विचारलं.

"बायकोला वाटलं, दूध आणायला गेलाय. तिने हॉलचं दार पाहुण्यांसमोरच उघडलं. हा बसलेला. डोळे उघडे. लेंगा ओला. उजवी बाजू गेलेली, आईची गेली होती तीच. पाहुणे चहासुद्धा न घेता गेले. मोहनाचं अजून जमलेलं नाही. जीभ सुटल्यावर रमाकांतने हे मला सांगितलं, आणि ढसाढसा रडला."

"आणि खुर्ची?" या घरात इतक्या मोठ्याने मी पहिल्यांदाच बोलले असेन.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खुर्चीच्या हातांकडे.

"चारही भोकं उघडी. आणि याची डावी मूठ... दवाखान्यात दोघांनी मिळून उघडली. आत चार गुट्ट्या. पॉलिशवर ओरखडा नाही.

"आणि त्याचं एकही नख तुटलेलं नव्हतं."