दुसरं बोट

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं. चौकशीला आलेल्या लोकांनाही पटलं नव्हतं. "आजी, भाचीवर तुमचा जीव आहे, समजतं आम्हाला," असं म्हणून ते चहाला हात न लावता निघून गेले. पण यातलं निम्मं माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच खोलीत घडलेलं आहे. उरलेलं छकुलीने सांगितलं. लहानपणापासून ती एक नंबरची भांडखोर. पण खोटं? कधीच नाही.

रविवार होता. टळटळीत दुपार.

छकुली म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची लेक. केस पांढरे झाले तरी आम्हाला छकुलीच. एका मोठ्या कंपनीत माहितीच्या सुरक्षेची प्रमुख होती. शेकडो इस्पितळांतल्या रुग्णांची माहिती ती कंपनी सांभाळायची. कोणाचा रक्तगट काय, कोणाला कुठलं औषध चालत नाही, सगळं. "मावशी, चोरांशी भांडायला वेळच मिळत नाही गं," ती म्हणायची. "आपल्याच माणसांशी भांडता भांडता संध्याकाळ होते."

तिच्या आधी त्या खुर्चीवर एक गृहस्थ होते; छकुली तेव्हा त्यांच्या हाताखाली. ऑफिसात त्यांना 'मास्तर' म्हणत. सतत शिकवायचे ना! अनोळखी पत्र उघडू नका, पासवर्ड कोणाला देऊ नका. लोक तोंड लपवून हसायचे.

माहितीची राखीव प्रत ठेवायला मास्तरांनी एक खोली बांधून घेतली होती. बाहेरची यंत्रं कोणी नासवली तरी आतलं सुखरूप राहावं म्हणून. प्रती तारेवरून आपोआप आत जमा व्हायच्या. बाहेर काढायच्या तर मात्र माणसानेच आत जायला हवं. लांबलचक बोळ, मधोमध लोखंडी दार. बोळाच्या या टोकाला भिंतीत बोटाचा ठसा ओळखणारी एक काच, त्या टोकाला दुसरी. दोन माणसांनी एकाच वेळी आपापल्या काचेवर बोट ठेवायचं आणि दारातल्या कड्यांची घरघर थांबेपर्यंत उचलायचं नाही. मग दार उघडायचं. एकट्याचे हात दोन्हीकडे पोचू नयेत, हाच हेतू.

बोटं दोघांचीच नोंदलेली होती. मास्तरांचं आणि छकुलीचं.

मास्तर बोट ठेवण्याआधी नेहमी रुमालाने काच पुसायचे. कुईं... कुईं... छकुलीला त्या आवाजाने दात आंबल्यासारखं व्हायचं.

मग एकदा चोरी झाली. मोठ्या साहेबांनी स्वतःच्या फोनवर भलतंच पत्र उघडलं होतं. त्यांच्या फोनला नियम लागू नव्हते. त्यांनीच तशी सूट घेतली होती. पण खापर फुटलं मास्तरांच्या डोक्यावर. त्यांना नोकरीवरून काढत असल्याची नोटीस दिली.

नव्या माणसाचं बोट नोंदवायलाही जुनी दोन बोटं लागत. मास्तर म्हणाले, "आधी माझ्यावरचा डाग पुसा. मग बोट ठेवतो."

साहेब हसले.

नोटिशीचा काळ संपायच्या आत, घरी जेवता जेवता, मास्तर गेले.

आता आली का पंचाईत? त्यांचं बोट यादीतून काढायचं तर दोन बोटं हवीत. नवं घालायचं तरी दोन हवीत. त्यातलं एक जळून राख झालेलं. छकुलीने साहेबांच्या मागे लकडा लावला, दार तोडून कुलूप बदलून घ्या. साहेबांचं उत्तर ठरलेलं. "मॅडम, ते दार उघडायची वेळ येतेच कुठे?"

त्या रविवारी वेळ आली.

चोरांनी दुरूनच कंपनीची सगळी यंत्रं कुलूपबंद केली. एकाही इस्पितळाला एकाही रुग्णाची माहिती दिसेना. छकुली एकटीच ऑफिसात धावली. अख्ख्या मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. साहेब फोनवर गरजत होते, "तुम्हाला पगार कशाचा देतो आम्ही? दुसरा मास्तर निघालात!"

तेवढ्यात एका डॉक्टरीणबाईंचा फोन. आवाज अगदी शांत.

"माझा पेशंट बेशुद्ध आहे. त्याला कुठलं तरी औषध जिवावर बेतणारं आहे, एवढंच बायकोला आठवतंय. नाव तुमच्याकडे आहे. शस्त्रक्रिया थांबवून ठेवता येणार नाही मला. किती वेळ?"

नाव होतं. त्या दाराच्या आत.

कुलूप बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. दार तोडायला माणसं पोचणार उद्या. "तोवर एकदा बोट ठेवून बघा," तिथला मुलगा म्हणाला. "तुमच्या बाजूचं तरी चालू आहे का, तेवढं कळेल."

छकुली बोळात गेली. काचेवर बोट ठेवलं. हिरवा दिवा लागला. तिची बाजू चालू होती.

ती बोट उचलणार...

आणि तिकडून आवाज आला.

कुईं... कुईं...

बोळाचं ते टोक रिकामं होतं. स्वच्छ उजेड होता. लपायला साधं कपाटसुद्धा नव्हतं.

तिथला दिवा हिरवा झाला.

घरघर सुरू झाली. दारातल्या कड्या सरकू लागल्या. घरघर मंद होत आली. आता थांबणार, आता उघडणार...

तिकडचा दिवा विझला.

कड्या धाडकन परत बसल्या.

तिने पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा तिकडे हिरवा दिवा. पुन्हा घरघर. आणि अगदी शेवटच्या क्षणी... बोट उचललेलं.

चुकून नव्हे. लहान मुलाला खाऊ दाखवून मागे ओढावा ना, तसं.

"मास्तर," ती म्हणाली. "तिकडे माणूस मरेल हो."

बोळातला गारवा वाढला. यंत्रांचे पंखे एरवी सतत घोंघावत असायचे. ते कधी थांबले, तिला कळलंही नव्हतं.

साहेबांचा पुन्हा फोन आला. तिने आवाज मोठा केला आणि फोन उंच धरला. "साहेब, एवढंच म्हणा. त्या चोरीत मास्तरांची चूक नव्हती."

"वेड लागलंय का तुम्हाला? मेलेल्या माणसाचं काय मध्येच?"

"म्हणा हो!"

"म्हणणार नाही. बिनडोक होता तो. आणि..." साहेब एकदम थांबले. "कोण आहे तिथे?"

"कोणी नाही. मी एकटीच आहे."

"मग हसलं कोण?"

छकुलीने काहीच ऐकलं नव्हतं.

तिने साहेबांचा फोन कापला. मला विचाराल तर मास्तरांचा सगळा दावा साहेबांशी होता. पण साहेब होते घरी, सोफ्यावर. हाताशी सापडली माझी पोर.

डॉक्टरीणबाईंचा पुन्हा फोन. "आता सुरुवात करावी लागेल. नाव नाही मिळालं तर माझ्या अंदाजाने देते."

मग छकुली जे बोलली ते कोणीही बोललं असतं. मीही बोलले असते.

"मास्तर, या एका वेळी ठेवा. नंतर तुम्ही म्हणाल तेव्हा मी माझं बोट ठेवीन. शब्द देते."

तिने बोट काचेवर टेकवून धरलं.

मग... काच पुसल्याचा आवाज. सावकाश. जणू ऐकणारा ऐकून घेत होता.

दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला.

दार उघडलं. औषधाचं नाव मिळालं, पेशंट वाचला. संध्याकाळपर्यंत आतल्या प्रतींवरून सगळ्या इस्पितळांची माहिती परत लागली. छकुलीच्या पाठीवर कोणी थाप मारली असेल असं वाटतं तुम्हाला?

सोमवारी साहेबांनी तिला समोर उभं केलं.

"दुसरं बोट कोणाचं?"

यंत्रात मास्तरांच्या बोटाची नोंद होती.

"रबराचं बोट करून घेतलंत ना? म्हणजे दार तुम्हाला कधीही उघडता येत होतं. आणि पुरुष होता तुमच्याबरोबर. मी स्वतः त्याचं हसणं ऐकलंय. चोरांना आत घेणाऱ्याही तुम्हीच कशावरून नाही?"

तिचं ओळखपत्र काढून घेतलं. ज्यांना ती वर्षानुवर्षं सांभाळून घेत आली, त्यांच्यातला एकजण जिन्यात म्हणाला, "बरं झालं. फार नियम दाखवायची." तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला.

ती माझ्याकडे राहायला आली.

आता माझ्या डोळ्यांसमोरचं सांगते.

दुपारची वेळ होती. मला सुईत दोरा ओवता येईना, म्हणून मी तिला हाक मारली. "दे इकडे," ती म्हणाली, "तुझं आपलं उगीच, चष्मा लावायला लाज वाटते." खिडकीशी उभी राहून तिने दोरा ओला केला, डोळा बारीक केला...

सुई खाली पडली.

तिचा उजवा हात वर झाला. पुढे गेला. अंगठ्याशेजारचं बोट हवेत टेकलं. हो, टेकलं. समोर काही नव्हतं, तरी बोटाचं टोक दाबून चपटं झालं होतं, काचेवर होतं तसं. नखाखालचं रक्त हटून पांढरंफटक पडलं होतं.

"मावशी," ती पुटपुटली, "मी नाही करत हे."

मी तिचा दंड धरून ओढला. खांबासारखा घट्ट. कितीतरी वेळ. मग एकाएकी हात सुटला आणि ती माझ्या अंगावर कोसळली.

थोड्या वेळाने फोन वाजला. कंपनीचा.

ती खोली उघडली होती. आत्ताच. दोन बोटांनी. एक मास्तरांचं... एक छकुलीचं.

आतल्या सगळ्या राखीव प्रती कोऱ्या झाल्या होत्या. बाहेरची माहिती जागच्या जागी होती. पण पुन्हा चोर आले तर परत आणायला आता काहीच उरलं नव्हतं.

मग चौकशीवाले आले. मी सांगितलं, ती माझ्यापुढे होती, माझी सुई तिच्या हातात होती. त्यांनी मान हलवली आणि काहीच लिहून घेतलं नाही. वकील म्हणतो, प्रकरण लांबेल. बोट तिचंच आहे ना.

कंपनीने आता कुलूप बदललं म्हणे. नवं दार, नव्या माणसांची बोटं. मास्तरांची आणि छकुलीची नोंद कायमची पुसली. हे ऐकल्यावर ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. मलाही वाटलं, सुटलो एकदाचे.

काल दुपारी ती खुर्चीत पेंगत होती. एरवी उजवी मूठ आवळून असते. झोपेत ती सैल झाली.

एक बोट हळूहळू सरळ होऊ लागलं...

मी उठले, दोन्ही हातांनी ते बोट धरलं आणि दुमडायला गेले. माझी ती ताकद किती! पण मी सगळी लावली.

पलीकडूनही कोणीतरी धरलं होतं.

आम्ही दोघं ओढत राहिलो. छकुली शांत झोपलेली. शेवटी बोट आपणहून सैल पडलं, काम झाल्यासारखं.

ती खोली आता त्या बोटाने उघडत नाही. मग काय उघडलं?

मी छकुलीला काही बोलले नाही. कालपासून फोन मी माझ्या मांडीवर घेऊन बसले आहे. तो वाजला तर तिच्या आधी मला उचलायचा आहे.