आणखी एक पालक

"आजपासून माझ्या घरचा पुरुष तुम्हीच, तेते…"

हा आवाज मायदेईच्या कानात इतकी वर्षं मुक्कामाला होता, की शिवणयंत्राच्या खडखडीतूनही तो तिला कधीकधी स्पष्ट ऐकू यायचा. तेव्हा भाऊ तोंगाई जाऊन वर्ष लोटलं होतं. त्याच्या आत्म्याला घरी परत बोलावण्याचा विधी आटोपला होता आणि अंगणात चटयांवर पुरुषांची रांग बसली होती. दोन चुलतभाऊ, एक पुतण्या, आणि तिसऱ्या लग्नाला केव्हाही तयार असलेला एक म्हातारा काका. तान्ही पोर पाठीशी बांधलेली सेकाई, गेलेल्या नवऱ्याची काठी दोन्ही हातांवर आडवी धरून, गुडघ्यांवर सरकत त्या रांगेपुढून चालली होती. ज्याच्या हाती ती काठी देईल त्याच्या घरात तिनं बायको म्हणून नांदायचं, अशी रीत. काकानं तर हात पुढे केलाही होता! पण सेकाई त्या हाताला वळसा घालून, सगळे पुरुष ओलांडून, कोपऱ्यात बायकांत बसलेल्या नणंदेपुढे थांबली आणि काठी तिच्या मांडीवर ठेवून ते वाक्य बोलली… अंगणात कुजबूज झाली, काका खाकरला; पण काठी बाईच्या हाती दिलेलीही चालते, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आमच्याकडे तेते म्हणजे आत्या, लेकीची आत्या ती तिच्या आईचीही तेतेच, आणि आत्या म्हणजे बाईच्या रूपातला बाप. त्या दिवसापासून मायदेई खरोखरच बाप झाली. चिमानिमानी गावच्या एका विधुर शिक्षकाचा मध्यस्थ तिला मागणी घालायला आला होता, त्याला तिनं कोंबडीचं जेवण घालून रिकाम्या हातानं परत पाठवलं. मुतारे शहरातल्या साकुब्वा वस्तीच्या दोन खोल्यांत ती शाळांचे गणवेश शिवू लागली. पुढे सेकाई इंग्लंडला म्हाताऱ्यांची सेवा करायच्या कामावर गेली, आणि पाठीवरची पोर, न्याराद्झो, म्हणजे सांत्वना, ती मायदेईच्या पाठीवर आली. कुणी विचारलं, "तुला स्वतःचं काही नको का गं?" तर मायदेई म्हणायची, "काही नाही, ठीक आहे माझं." हे तिचं ठरलेलं उत्तर होतं, दुखण्याला, थकव्याला, एकटेपणाला, सगळ्यालाच.

न्यारा मोठ्या शाळेत गेली आणि इंग्लंडहून तिच्यासाठी पहिला फोन आला. गावी आलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून, मोज्यात गुंडाळून.

रविवारी चर्चहून परतल्यावर तो सुरू करायचा ठरला. मायदेईचा जुना फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता. त्यात सेकाईचा चेहरा होता, मागे राखाडी खिडकी. टेबलावर नवा फोन, त्यावर झुकलेली न्यारा, आणि दारात बूड टेकून बसलेली शेजारीण माय फराई, जिला बोलावणं कधी लागत नसे. मायदेई जमिनीवर बसून भोपळ्याच्या पाल्याचे धागे काढत होती.

"आता वय विचारेल," सेकाई म्हणाली. "खरं घाल. वाढवलंस तर मला कळेल."

"घातलं."

"आता मी इकडून माझ्या फोनवर तुझा फोन बांधून घेते. तू काय उघडतेस, किती वेळ बघतेस, कुठे आहेस, सगळं मला दिसणार. काही नवं उघडायचं असेल तर तिथूनच परवानगी मागायची. मी हो म्हटलं तरच उघडेल."

"अगं बाई," माय फराई म्हणाली, "इथे माझा नवरा रस्त्याच्या पलीकडे गेला तरी मला दिसत नाही, आणि हिला समुद्रापलीकडून पोर दिसणार! माझ्या नवऱ्यालाही बसवता येतं का गं हे?"

न्यारा खुदकन हसली. मग पडद्याकडे बघत तिनं वाचलं, "घरात आणखी एक पालक जोडायचा का?" आणि सहज, अगदी सहज, मान वर केली. "तेतेंचं नाव घालते हां."

साखरेच्या डब्याशी टेकलेला चेहरा क्षणभर हलला नाही. फोन अडकला की काय असं वाटावं, इतका वेळ.

"नको," सेकाई म्हणाली. "एक पालक पुरे. पुढे जा."

"घ्या!" माय फराईनं मांडीवर थाप मारली. "बापाला विचारायचंच राहिलं की! काय हो बाबा, तुमचं काय म्हणणं?" सगळी आळी मायदेईला गमतीनं बाबाच म्हणायची.

मायदेईच्या बोटांत पाल्याचा एक धागा अर्धा निघून तसाच लोंबत राहिला. मग तिनं तो काढला, बाजूला ठेवला. "बरोबर आहे तिचं," ती म्हणाली. "आई आहे ती. काही नाही, ठीक आहे."

त्या दिवशी दाण्याच्या कुटात शिजवलेला पाला कुणालाच गोड लागला नाही.

मायदेई काही अडाणी नव्हती. पोरीच्या फोनवर कुणाचं नाव आहे एवढ्यावरून नाती ठरत नाहीत, हे तिला कळत होतं. पण तिला दुसरंही कळत होतं. आधी फोन बांधून घ्यायचा, मग कागदपत्रं, मग विमान… पोर दोराच्या त्या टोकाकडे हळूहळू ओढली जाणार, आणि या टोकाशी उरणार दोन खोल्या, एक यंत्र आणि गणवेशांच्या निळ्या चिंध्या. न्याराच्या आयुष्यात आपली जागा आहे की नाही, हा प्रश्न ज्या बाईनं कधी स्वतःला विचारला नव्हता, तिला तो आता दर घडीला टोचू लागला. आणि ज्याला रागवता येत नाही असं माणूस जे करतं, तेच तिनं केलं. ती बाजूला झाली.

"तेते, शनिवारी गाण्याच्या तालमीला जाऊ?"

"आईला विचार."

"तेते, मैत्रिणीकडे अभ्यासाला…"

"फोनला विचार. तुझी मालकीण तिकडे आहे."

न्यारा फोनला विचारायची. विनंती जायची. सेकाई म्हाताऱ्यांना उचलण्यात, पुसण्यात, भरवण्यात गुंतलेली. उत्तर यायचं ते तालीम उलटून गेल्यावर. एकदा तर स्तोत्रांचं पुस्तक उघडायला परवानगी मागून पोर सकाळभर बसली, आणि परवानगी आली तेव्हा चर्च सुटलं होतं.

"तेते, तुम्ही रुसलात का माझ्यावर?" एकदा तिनं मागून येऊन गळ्यात हात टाकले.

"रुसायला मी काय नवी नवरी आहे? सर, सुई लागेल."

हात गळून पडले. मायदेईनं पायाखालचा लोखंडी पाट जोरजोरानं हलवला. टीप वाकडी गेली, तिनं ती उसवली, पुन्हा घातली.

मग एक दिवस न्यारा शाळेतून अवेळी घरी आली. चेहरा उतरलेला, स्वेटर कमरेला गुंडाळलेला. ती सरळ आतल्या खोलीत गेली आणि दार लागलं.

"काय झालं गं?" मायदेईनं यंत्रावरूनच विचारलं.

"काही नाही. ठीक आहे."

ते शब्द ऐकून मायदेई चमकली… आपलेच शब्द, आपल्याच सुरात, एका कोवळ्या गळ्यातून! पण ऑर्डर सकाळी द्यायची होती, आणि मनातली ती जुनी ठसठस म्हणाली, विचारेल की तिच्या फोनला. मायदेईनं मान खाली घातली.

थोड्याच वेळात तिचा फोन वाजला. सेकाई. या वेळी ती कधीच फोन करत नसे. चेहरा नव्हता, नुसता आवाज, आणि तो इतका दबलेला की कुठल्या तरी कपाटाआड उभं राहून बोलत असावी.

"तेते, न्यारा कुठाय?"

"खोलीत आहे. का?"

"तिच्या फोनवरनं विनंती आलीय मला. तिनं काहीतरी शोधलं, ते पान फोननं अडवलं. लहान मुलांसाठी नाही म्हणून. आता ते उघडू का विचारतोय मला…" सेकाई थांबली. "तिनं काय शोधलंय ते इथे लिहिलेलं आहे, तेते."

"काय?"

सेकाईनं आवाज आणखी खाली आणला. मग ती म्हणाली, "मला नाही बोलता येत ते. तुम्हाला माहितेय मला नाही बोलता येत. माझ्या आईनं माझ्याशी कधी… माझ्या तेतेंनी मला नदीवर नेऊन सांगितलं, आणि मग त्यांनी आईला कळवलं. हे आईनं वाचायचंच नसतं! आत्याच्या तोंडून यायचं असतं हे माझ्याकडे. आणि इथे मी दोन्ही हातांत मोजे घालून उभी आहे, एक आजोबा आंघोळीच्या खुर्चीवर वाट बघतायत, आणि हा फोन विचारतोय, परवानगी आहे का? तेते, मी हो दाबू की नाही दाबू?"

मायदेईला सगळं कळलं. अवेळी घरी येणं, कमरेचा स्वेटर, बंद दार. पोर मोठी झाली होती. आणि ज्या दिवसासाठी आत्या नावाचं माणूस जन्माला येतं, त्या दिवशी ती बाहेरच्या खोलीत टीप घालत बसली होती.

"काहीच दाबू नकोस," ती म्हणाली. "मी आत जाते."

न्यारा खाटेच्या कडेला पोटाशी गुडघे घेऊन बसली होती. फोन उशीवर पालथा.

"आईनं परवानगी दिली नाही," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

"याला कुणाची परवानगी लागत नाही, बाळा. मला का नाही सांगितलंस?"

न्यारानं मान वळवली. डोळे सुजलेले होते. "तुम्हीच म्हणालात फोनला विचार. मला वाटलं माझं आतून काहीतरी फाटलंय… मी मरणार. आणि वाटलं, तुम्हाला सांगायचं तर त्यालाही आईची परवानगी लागेल. तुम्ही आता माझ्या कुणी नाही ना? तुमचं नाव नाही घातलं ना आपण."

मायदेई खाटेजवळ जमिनीवरच बसली. आजवर कुणाच्या बोलण्यानं तिला इतकं लागलं नव्हतं, आणि हे तर कुणी लागावं म्हणून बोललंही नव्हतं. तिनं पोरीचे गार पडलेले पाय दोन्ही हातांत घेतले.

"फाटलं काही नाही," ती हळूच म्हणाली. "मी मूर्ख आहे, एवढंच झालंय. उठ. पाणी तापवते."

पाणी तापलं. कपाटाच्या तळातून नवं पांढरं सुती कापड निघालं, जे मायदेईनं केव्हापासून याच दिवसासाठी राखून ठेवलं होतं. मग दार लावून तिनं सांगितलं… जे सांगायचं असतं ते सगळं, न घाबरवता, न लाजता, मध्येच हसवत. न्यारानं विचारलं, "दर महिन्याला? खरंच? आणि पोरांना काहीच नाही? हा कुठला न्याय?" आणि मायदेई इतकी हसली की पलीकडून माय फराई ओरडली, "बाबा, काय पाजलंय कुणी?"

"पाला निवड तू तुझा!" मायदेईनं ओरडून उत्तर दिलं. मग पोरीचं डोकं मांडीवर घेऊन, केस विंचरत, आजीच्या दळणाच्या गाण्यातल्या दोन ओळी गुणगुणली:

*मक्याच्या शेतात कणीस लपलं पानात गं,*
*तेतेनं सांगितलं ते राहू दे कानात गं…*

न्यारा तशीच झोपून गेली. मायदेई बाहेरच्या खोलीत आली आणि तिनं रीतीप्रमाणे निरोप द्यायला सेकाईला फोन लावला. आता पडद्यावर चेहरा होता. बहुधा कामावरून सुटून बसथांब्यावर बसलेली. टोपी नाकापर्यंत, डोळे लाल.

"तुझ्या घरी आता आणखी एक बाई आहे, सेकाई," मायदेईनं रीतीचे शब्द उच्चारले. "तिला समजावलं आहे. ती शांत झोपली आहे."

सेकाईनं फोन बाकावर टेकवून उभा केला आणि टाळ्या वाजवल्या. हात ओंजळीसारखे करून, हळूहळू, आमच्या बायका आभार मानताना वाजवतात तशा. तिकडे थांब्यावर कुणीतरी वळून पाहिलं असावं, कारण तिनं तोंड भिंतीकडे केलं. आणि मग टाळ्या थांबल्या, आणि तोंडावर हात घेऊन ती रडू लागली.

"तेते, मी तुमचं नाव मुद्दाम नाही घातलं."

"मला माहितेय."

"मागल्या वर्षी ती माझ्याशी फोनवर बोलता बोलता पायरीवरून पडली, आठवतंय? ती ओरडली, तेते! समोर पडद्यावर मी होते, आणि तिनं हाक तुम्हाला मारली. मी चूक म्हणत नाही. मीच सोडून आले. पण तेते, तिचे दात पडले ते तुम्ही बघितलं, तिला वाचायला आलं ते तुम्ही बघितलं. मी पैसे पाठवते आणि पाठीमागची खिडकी दाखवते. मला वाटलं, या फोनात तरी ती फक्त माझी असू दे. एवढासा तुकडा. तो सुद्धा माझ्याकडून नीट नाही झाला!… मी आत्ता तुमचं नाव घालते. आत्ताच. नंबर तर पाठच आहे मला. तुम्ही रागावलात का, तेते?"

मायदेईच्या ओठांवर ते उत्तर येऊन उभं राहिलं, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेलं. काही नाही, ठीक आहे माझं. ते म्हटलं की सेकाईचं रडं थांबणार होतं, बस येणार होती, सगळं पुन्हा घडीत बसणार होतं. आतल्या खोलीत पोर कुशीवर वळली, खाट करकरली. तिनंही दुपारी हेच म्हटलं होतं, दाराआडून.

"नाव नंतर घाल," मायदेई म्हणाली. "आधी ऐक."

"हं."

"मी कधी बोलले नाही, कारण मला वाटायचं, बापानं बोलायचं नसतं." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पण त्या रविवारी, तू नको म्हणालीस ना… मला फार लागलं गं, सेकाई. अजून दुखतंय."