बाबांच्या काचा कोणी बिघडवल्या?

"आधी त्याला पकडू, मग रडवू," ठिणगी म्हणाली. "पण रडवायचं म्हणजे रडवायचंच."

"कुणाला?" तिच्या आत्तेभावाने, लंबूने विचारलं.

"ते अजून माहीत नाही."

लंबूला हसू आलं होतं, पण ठिणगीचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं. तिचा धाकटा भाऊ फुटाण्या मात्र तयारच होता. भांडण कुणाशी आहे हे न विचारता बाह्या सरसावणाऱ्यांपैकी तो होता.

ठिणगीचे बाबा चौकातल्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. बावीस वर्षांत त्यांची एक काच कधी परत आली नव्हती. आणि आता दहा दिवसांत तीन चष्मे परत आले. शेवटचा गणिताच्या निवृत्त बाईंचा. नवा चष्मा लावून बाई पायऱ्या उतरायला गेल्या, तर पायरी दिसत होती तिथे ती नव्हतीच. मनगट मोडून हात गळ्यात आला.

दुकानाचे मालक चष्मेकाका यांनी गिऱ्हाइकांसमोर बाबांना नको नको ते सुनावलं. आता तुमचेच डोळे तपासायला हवेत म्हणाले. आणखी एक तक्रार आली, की काचांचं काम बाहेर द्यायचं, असंही म्हणाले. डबा घेऊन गेलेली ठिणगी दारातच थिजली. बाबा पुन्हा यंत्राकडे वळले. संध्याकाळी घरी आले ते थेट हात धुवायला गेले, आणि नळ बराच वेळ चालूच राहिला. नळाच्या आवाजाखाली काय चाललंय हे ठिणगीला कळलं. तिने दात इतके आवळले की कानशिलं दुखायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून तिघंही दुकानात ठाण मांडून बसले. सुट्टीच होती, कुणी काही म्हटलं नाही.

काम चालायचं ते असं. डोळे तपासणाऱ्या ताई, म्हणजे मुलांच्या डोळेताई, गिऱ्हाइकाचा नंबर हाताने कार्डावर लिहीत आणि मग काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये टाकत. काउंटरवरून त्याची चिठ्ठी छापून खिडकीतून बाबांकडे जाई. बाबा काच घासत आणि चिठ्ठी उभ्या तारेला टोचून ठेवत. परत आलेल्या तिन्ही चष्म्यांचे नंबर कार्डावर बरोबर होते आणि कॉम्प्युटरमध्येही बरोबर होते. म्हणजे चूक बाबांचीच, असं चष्मेकाकांचं गणित.

"तर मग चिठ्ठ्या बघू," ठिणगी म्हणाली.

चिठ्ठ्यांवर ओळीने क्रमांक असत. फुटाण्याने तारेवरची चळतच्या चळत उतरवली आणि जमिनीवर मांडली. महिन्याभराच्या चिठ्ठ्यांत फक्त तीन गायब होत्या. नेमक्या त्याच तीन.

"चुकीचा नंबर छापायचा, मग कॉम्प्युटरमध्ये पुन्हा बरोबर करून ठेवायचा आणि मागाहून चिठ्ठी पळवायची," लंबू हळूच म्हणाला. "मामांनी चिठ्ठीबरहुकूमच काचा घासल्या."

"पण कॉम्प्युटरला पासवर्ड असेल ना?" ठिणगीने विचारलं.

नव्हता. का नव्हता, ते डोळेताईंनी सांगितलं. पूर्वी होता, चांगला लांबलचक. दिवसातून वीसदा टाकावा लागायचा, गर्दीत हमखास चुकायचा. एकदा सगळेच विसरले आणि अर्धा तास गिऱ्हाइकं खोळंबली. वैतागून चष्मेकाकांनी तो काढूनच टाकला. बटण दाबलं की कॉम्प्युटर उघडा. सगळ्यांनाच हायसं वाटलं, ताईंनासुद्धा.

"आणि आता कुणी काय बदललं, ते कळायला मार्गच नाही," लंबू म्हणाला.

"माझाच नंबर, माझंच कार्ड," ताई म्हणाल्या. "आणि बोलणी बसली तुझ्या बाबांना. सांगा, काय करू?"

ठिणगीने रात्रभर वाट पाहायलाही नकार दिला. दुपारी दुकान जेवायला बंद झालं, तेव्हा लंबूने कुठे काय दाबायचं ते सांगितलं आणि ताईंनी नवा पासवर्ड बसवला. तो टाकताना लंबू शहाण्यासारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कॉम्प्युटर चालू होता तोवर तो पासवर्ड विचारणार नव्हता. बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की मात्र विचारणार होता.

चार वाजता ताईंनी लंबूचे डोळे तपासले. नंबर खरोखरच निघाला. ताईंनी तो कार्डावर लिहिला, कॉम्प्युटरमध्ये टाकला, एक चिठ्ठी छापून गुपचूप खिशात घातली आणि चष्मेकाकांना म्हणाल्या, "काका, तुमचीही तपासणी राहिलीय. या आत."

काउंटरवर उरला एकटा विक्रेता. मुलं त्याला साखऱ्या म्हणत, कारण त्याच्या बोलण्याला मुंग्या लागतील अशी त्याची जीभ होती. बाबांना बोलणी बसली, त्या दिवशी त्यानेच त्यांच्या पाठीवर हात ठेवून "होतं असं वयाप्रमाणे" म्हटलं होतं.

ठिणगी एकेक फ्रेम लावून पाहत होती. समोरचा गोल आरसा तिने असा कलता केला होता की त्यात कॉम्प्युटरचा पडदा दिसावा. साखऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि लंबूचं पान उघडलं. आरशात आकडे उलटे दिसत होते; पण काच कोणत्या कोनात बसवायची त्या रकान्यात नव्वद होते तिथे एकशे ऐंशी झाले, हे कळायला सुलटं दिसावं लागत नाही. दोनाचे तीन आकडे झाले होते. छपाईयंत्र कुरकुरलं. चिठ्ठी खिडकीतून बाबांकडे गेली.

ठिणगीने नाक शिंकरलं. ती खूण होती.

फुटाण्या धावत आला आणि काउंटरखालच्या वायरीत पाय अडकवून सपशेल आडवा झाला. पडदा काळा झाला.

"अरे गाढवा!" साखऱ्याच्या जिभेवरची साखर एका क्षणात उडाली. त्याने घाईघाईने प्लग लावला, बटण दाबलं. कॉम्प्युटर सावकाश जागा झाला आणि त्याने पासवर्ड मागितला.

साखऱ्याने काहीतरी टाकलं. चूक. पुन्हा टाकलं. पुन्हा चूक. नंबर आत बदललेला होता आणि तो पुसायला आत जाता येत नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम डवरला. ठिणगी आरशात ते बघत राहिली, आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं.

ताई आणि चष्मेकाका बाहेर आले. ताईंनी पासवर्ड टाकला. पडद्यावर एकशे ऐंशी. कार्डावर नव्वद. ताईंच्या खिशातल्या चिठ्ठीवर नव्वद, वेळ चार वाजून दहा. बाबांच्या हातातल्या चिठ्ठीवर एकशे ऐंशी, वेळ चार वाजून चौदा.

"ताईंकडूनच चुकून..." साखऱ्याने सुरुवात केली.

"चार-चौदाला ताई माझ्या डोळ्यांत दिवा मारत होत्या," चष्मेकाका थंडपणे म्हणाले. "इथे कोण होतं?"

मग सगळं बाहेर आलं. साखऱ्याच्या मेव्हण्याने मागच्या गल्लीत काचा घासायचा कारखाना काढला होता. बाबांचं काम सुटलं, की ते तिकडे जाणार होतं.

ठिणगीने कपाटातून बाईंचा तो परत आलेला बिघडलेला चष्मा काढला आणि त्याच्यासमोर धरला. "लावा. आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून जा."

कुणी तिला अडवलं नाही. साखऱ्याने चष्मा लावला. पहिल्याच पायरीवर त्याचा पाय हवेत चाचपडला आणि तो कठडा धरून मटकन खाली बसला. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"पुरे," बाबा म्हणाले. त्यांनी जाऊन चष्मा काढून घेतला. "फ्रेम मोडेल."

साखऱ्या पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही.

दुसऱ्या दिवशी चष्मेकाकांनी मुलांना बोलावून भरभरून कौतुक केलं. पण प्रत्येकाला वेगळा पासवर्ड म्हटल्यावर पुन्हा कुरकुरले, की एवढा खटाटोप कोण करत बसणार? नवा चष्मा न्यायला आलेल्या बाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, कुलूप काढायलाही वेळ लागतोच. म्हणून दुकान उघडं टाकून घरी जाता का?"

"छोटा ठेवू काका, पण ज्याचा त्याचा," लंबू म्हणाला. "माझ्या घरच्या कॉम्प्युटरला मीसुद्धा ठेवत नाही. पण त्यात फक्त माझे खेळ आहेत. इथे लोकांचे डोळे आहेत."

चष्मेकाकांनी मान डोलावली आणि ठिणगीकडे वळले. "माझं चुकलं हं, बाळ."

"मला नका सांगू," ठिणगी म्हणाली. "बाबांना सांगा. आणि तेव्हा सुनावलं होतं तसंच, गिऱ्हाइकांसमोर."

दुकानात सहा-सात माणसं होती. चष्मेकाकांचा चेहरा लाल झाला. पण ते खिडकीपाशी गेले, यंत्र थांबवायला सांगितलं आणि खणखणीत आवाजात, शब्दन् शब्द ऐकू जाईल असं, हात जोडून बोलले.

बाबांनी पांढऱ्या भुकटीने माखलेले हात पुसले. मग त्यांनी ठिणगीला आत बोलावलं आणि आपल्या स्टुलावर बसवलं. त्या स्टुलावर त्यांनी आजवर कुणालाच बसू दिलं नव्हतं.